पोचूनही न पोचलेली गोळी

मंगळवारी सकाळी मॉफातची मोटरसायकल तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा त्यानं तिला एक लाथ घातली. लागली त्यालाच. लंगडत, पुटपुटत तो एलुबीबाईंच्या ओट्यावर चढला, तर तिथे आधीच एक माणूस टोपी चुरगाळत बसलेला होता.

बाई शेंगा सोलत होत्या. अंगात वारलेल्या नवऱ्याचा जुना पांढरा शर्ट. त्याच्या कॉलरवरचे आणि काखेतले केशरी डाग बारा वर्षांत निघाले नव्हते, पण बाई तो टाकायला तयार नव्हत्या. झोम्बा शहराच्या टपाल कचेरीत त्यांनी तीस वर्षं लोकांची हरवलेली पार्सलं शोधली होती. निवृत्तीनंतर लोक त्यांच्याकडे इतर हरवलेल्या गोष्टी घेऊन येऊ लागले. मॉफात त्यांना मोटरसायकलवरून हिंडवायचा आणि गावभर स्वतःला त्यांचा मदतनीस म्हणवायचा. बाई त्याला ड्रायव्हर म्हणायच्या.

"हा लेक्सन," बाई म्हणाल्या. "पुन्हा सांग रे. ह्या ड्रायव्हरला ऐकू दे."

"शनिवारी मला बायकोच्या घरातून हाकलणार आहेत," लेक्सन म्हणाला. "तिचे मामा म्हणतात, मी तिचं औषध विकतो आणि तिला खडूच्या गोळ्या देतो."

लेक्सन घरजावई. त्यांच्याकडे सगळेच जावई बायकोच्या गावी राहतात, त्यात कमीपणा काही नाही. पण घरात काही बिघडलं की पहिलं बोट परक्याकडेच जातं. त्याची बायको तिसुंगाने, सगळ्यांची तिसू, लहानपणापासून फिटनं पडायची. तीन औषधं झाली, चार झाली, एकाचाही गुण आला नाही. मग मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टर मुघोघोंनी लॅमोट्रिजिन नावाची गोळी सुरू केली आणि चमत्कार झाला. चौदा महिने एकही फिट नाही. तिसूला शाळेत शिकवायला दुसरीचा वर्ग मिळाला.

"आणि आता?"

"सप्टेंबरच्या मध्यापासून सात फिट. परवा चुलीवर पडली, हात भाजला. बाई, गोळ्या मीच शहरातून आणतो. मी नाही विकल्या. पण सिद्ध कसं करू?"

"महिन्यातून एकदा येतोस ना? त्याच दिवशी परत जातोस?"

लेक्सननं टोपी पुन्हा चुरगाळली. "दुसऱ्या दिवशी."

मॉफातनं बाईंकडे बघून भुवया उडवल्या. रात्रभर गोळ्या ह्याच्याजवळ! त्याच्या मते प्रकरण तिथेच संपलं होतं. बाईंनी शेंगांची टरफलं झटकली आणि त्या उठल्या.

*

डॉक्टर मुघोघो वैतागलेल्या होत्या. दारात माणसांची रांग आणि हातात लेक्सननं आणलेली तिसूची आरोग्यपुस्तिका.

"माझंही डोकं चालेनासं झालंय," त्या म्हणाल्या. "मलेरिया तपासला, नाही. दिवस गेलेत का बघितलं, नाहीत. झोप नीट आहे. दुसरं काही औषध घेतेस का विचारलं, नाही म्हणाली. हे बघा, सगळं ह्यात आहे. आम्ही इस्पितळात वेगळं काही ठेवत नाही; रुग्णाचा सगळा इतिहास रुग्णाच्याच पिशवीत."

बाईंनी पुस्तिका चाळली. अर्ध्याहून जास्त पानं कोरी होती.

"गोळ्या खोट्या असतील?"

"बंद पट्ट्यांतून येतात. लेक्सननं नेलेल्यांतल्या उरलेल्या पट्ट्या मी परत मागवून पाहिल्या, कुठलाच कप्पा उघडलेला नाही. आणि त्याच खोक्यातली गोळी इथला एक सुतार घेतो. तो ठणठणीत आहे. तिच्या रक्तात औषध किती आहे ते कळलं असतं, पण ती तपासणी देशाबाहेर होते. महिना जाईल."

"शनिवारपर्यंत नाही," बाई म्हणाल्या.

"महिन्यापर्यंत तिची शाळाही राहायची नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मुख्याध्यापकांनी माझ्या पत्रावर वर्ग दिलाय. वर्गात एकदा जरी पडली की संपलं."

बाहेर येऊन मॉफात म्हणाला, "मग गोळ्या खऱ्या. म्हणजे ती घेत नसणार. मागच्या दारानं थुंकते."

"का थुंकेल?"

"ते मला काय माहीत? ते शोधायलाच तर आपण आहोत!"

"आपण," बाई म्हणाल्या, आणि मागच्या सीटवर बसल्या.

*

नाम्पेया गाव तिथून दीड तासावर. ऑक्टोबरचं ऊन असं की मोटरसायकलच्या हँडलला हात लावला तर पोळावा. वाटेत दोनदा साखळी उतरली. मॉफातचे दोन्ही हात काळे आणि तोंड त्याहून काळं झालं होतं.

तिसूची आई फालेसी अंगणात कपडे वाळत घालत होती. जावयाचं नाव काढताच तिनं पाटी खाली आदळली.

"लेक्सन? अहो, ती गरीब गाय आहे! माझ्या भावाच्या डोक्यात भूत शिरलंय. गोळी मी स्वतः देते. सकाळ-संध्याकाळ, माझ्या हातानं पट्टीतून काढून. पाणी प्यायला लावते, मग तोंड उघड म्हणते, जीभ वर कर म्हणते. माझ्यावर डाफरते ती, मी काय दोन वर्षांची आहे का म्हणून. डाफर म्हटलं. नंतर अर्धा तास नजरेसमोरून हलू देत नाही."

मॉफातचा थुंकण्याचा सिद्धांत तिथेच आडवा झाला.

"जेवण नीट आहे?" बाईंनी विचारलं.

"रात्री मक्याच्या पिठाची न्सिमा, मासे, सगळं खाते. पण सकाळची पेज सोडलीय हल्ली. उपाशीच जाते शाळेत. म्हणते, दहाच्या सुट्टीत खाईन. आधी अशी नव्हती."

"हल्ली म्हणजे?"

"ते शिक्षकांचं प्रशिक्षण झालं ना ऑगस्टच्या शेवटी, तीन दिवस बाहेर होती, तिथून खोडी लागली."

बाई दोरीवरच्या पांढऱ्या ब्लाउजपाशी थांबल्या. फालेसी लगेच वसकन म्हणाली, "बघू नका हो तिकडे. कितीही घासलं तरी काखेतला रंग जात नाही. दुकानातला साबण भिकार आहे. तीनदा बदलला."

"नाही जायचा तो," बाई हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात मामा आले. केनानीमामा म्हणजे घरातला शेवटचा शब्द. उंच, काठी, आणि आवाज असा की शेजारच्या कोंबड्या पांगाव्यात.

"पोस्टातली बाई आमची पत्रं फोडायला आली वाटतं! कुणी बोलावलं? त्या चोरानं?"

"चोर कशावरून, मामा?"

"मी पोरीला दर महिन्याला मरताना बघायचं का? लहानपणी ती पडली की मीच तिला उचलून न्यायचो. चौदा महिने बरी होती. मग बिघडलं. औषध आणणारा एकच. शहरात एक रात्र राहतो, तेही सांगत नाही कुठे. आणखी काय हवं तुम्हाला?" मामांचा आवाज मध्येच फाटला. त्यांनी तो खाकरून झाकला. "दुसरा चोर दाखवा, मी ह्याच्या पाया पडतो. नाही दाखवलात तर शनिवारी दोन्हीकडचे मध्यस्थ बसतील आणि लग्न मोडेल."

मॉफातला हा माणूस अजिबात आवडला नाही, पण त्याचं चुकतंय कुठे तेही सांगता येईना.

तिसू शाळेतून परतली ती मान खाली घालूनच. उजव्या हाताला पट्टी. एवढ्या उकाड्यात गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली, कानापर्यंत.

"लेक्सन चोर आहे असं तुला वाटतं?" बाईंनी सरळच विचारलं.

"नाही! पण..." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मी सगळं नीट करतेय, बाई. एक गोळी चुकवलेली नाही. मग माझ्याच वाट्याला हे का? एकोणऐंशी मुलं आहेत वर्गात. ती मला बाई म्हणतात. आजवर मला सगळे फिटवाली म्हणायचे."

तिनं रुमालानं डोळे टिपले आणि रुमाल मुठीत दडवला. मॉफातला दिसलं, रुमालावर जुने फिकट केशरी ठिपके होते. संत्र्याचं सरबत फार पितात ह्या शिक्षिका, त्याच्या मनात आलं.

बाईंनी त्या मुठीकडे पाहिलं. नुसत्या बघत राहिल्या. तीस वर्षांत कितीतरी फाटकी पाकिटं त्यांनी अशीच बघितली असतील.

*

परतताना बाईंनी चौकातल्या दुकानासमोर गाडी थांबवायला लावली. साबण, मीठ, मेणबत्त्या, वह्या; सगळं एकाच फळीवर. दुकानदारीण एस्नात ढेपेसारखी बसलेली.

"डाग काढायचा साबण आहे का?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही पण? तिसूशिक्षिका तीनदा बदलून गेली. मी काय साबण घरी करते का?"

"ती आणखी काय नेते?"

"खडू नेते. ऑगस्टात एक आरोग्यपुस्तिका नेली. आईसाठी म्हणाली."

बाईंनी साबण न घेताच पाठ फिरवली. एस्नातनं मागून दोन शब्द सुनावले.

"मॉफात, मागे वळव."

"आता? साखळी..."

"वळव."

फालेसी अंगणातच होती. बाई गाडीवरूनच ओरडल्या, "फालेसीताई, तुमची आरोग्यपुस्तिका आहे का हो घरात?"

"माझी?" फालेसी हसली. "मी दहा वर्षांत दवाखान्याची पायरी चढले नाही! पुस्तिका कशाला हवी?"

बाईंनी मान डोलवली आणि मॉफातच्या पाठीवर टकटक केलं, म्हणजे चल. शहर येईपर्यंत मॉफातनं सहा तर्क मांडले, सहाव्यात एस्नातच चोर होती.

*

शुक्रवारी दुपारी बाई एकट्याच शाळेच्या व्हरांड्यात तिसूशी बोलल्या. मॉफातला फाटकापाशी उभं केलेलं. त्याला इतकंच दिसलं की बाई बोलताहेत आणि तिसू ऐकता ऐकता भिंतीला टेकली. मग तिनं जोरजोरात मान हलवली. नाही. नाही. शेवटी तिनं दोन्ही हात जोडले.

बाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा कडू झाला होता.

"कळलं ना तुम्हाला?" मॉफात कळवळून म्हणाला. "चोर कोण ते कळलंय! मग बोला की! उद्या त्या माणसाला हाकलतील!"

"टपाल खात्यात दुसऱ्याचं पाकीट फोडता येत नाही."

"हे टपाल खातं नाही!"

"म्हणूनच जास्त त्रास होतोय," बाई म्हणाल्या.

त्या रागावल्या होत्या, हे मॉफातला पहिल्यांदाच दिसलं. कुणावर, ते मात्र कळेना.

*

शनिवारी आंब्याखाली चटया पडल्या. एकीकडे केनानीमामा, दुसरीकडे लेक्सनच्या बाजूचा मध्यस्थ, एक किडकिडीत म्हातारा, जो चार तास चालत आला होता आणि ज्याला कुणी पाणीही विचारलं नव्हतं. फालेसी, तिसू, लेक्सन. लेक्सनची गाठोडी आधीच कुणीतरी बाहेर आणून ठेवली होती.

"बोला, पोस्टबाई," मामा म्हणाले. "चोर सापडला?"

बाई उभ्या राहिल्या.

"पार्सल हरवलं की आम्ही टप्पे तपासतो. पहिला टप्पा, पाठवणारा. डॉक्टरांकडची गोळी खरी आहे. त्याच खोक्यातली दुसऱ्याला लागू पडते. दुसरा, वाहून आणणारा. लेक्सननं आणलेल्या पट्ट्या डॉक्टरांनी तपासल्या. एकही कप्पा उघडलेला नाही. बंद पट्टीत खडू घालता येत नाही, मामा. आणि शहरातल्या त्या रात्रीचं म्हणाल, तर काल मी त्याला दरडावलं तेव्हा सांगितलं त्यानं. आईकडे राहतो. महिन्यातून एकदा आईच्या हातचं जेवायला जातो, आणि तुम्ही हसाल म्हणून सांगत नाही."

किडकिडीत म्हाताऱ्यानं मान हलवली. "खरं आहे. माझ्याच बहिणीकडे असतो."

"तिसरा टप्पा, पोचवणारी. फालेसीताई जिभेखालीसुद्धा बघतात. म्हणजे गोळी खरी, गोळी पोचली, गोळी पोटात गेली. तरी फिट येतात."

"म्हणजे करणी!" कुणीतरी पुटपुटलं.

"नाही. पार्सल घरात पोचल्यावर हरवलं, तर त्या घरात दुसरं कुणीतरी राहायला आलेलं असतं. मी तेच शोधलं आणि मला ते सापडलं." बाई थांबल्या. "लेक्सन चोर नाही, एवढं सिद्ध झालं. पुढचं सांगायचा हक्क माझा नाही. इथेच थांबू या, मामा. माझ्यावर विश्वास ठेवा. डॉक्टरांना सांगितलं की फिट थांबवता येतील."

"विश्वास?" मामा काठी आपटून उठले. "आठवडाभर फिरलात आणि हे? पट्ट्या त्यानं शहरात बदलल्या नसतील कशावरून? डॉक्टरही त्याच्याकडूनच पट्ट्या बघते! चोराचं नाव सांगा, नाहीतर चोर हाच!"

"मामा, मी सांगते ते..."

"नाव!"

मॉफातनं कपाळावर हात मारला. इतका संताप त्याला मोटरसायकलचाही कधी आला नव्हता. बाईंना सगळं ठाऊक होतं आणि त्या ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या. लेक्सन उठला. वाद घातला नाही की रडला नाही. वाकून त्यानं पहिलं गाठोडं उचललं.

"ठेव ते खाली," तिसू म्हणाली.

ती उभी राहिली. भाजलेल्या हातानं गळ्याभोवतीची ओढणी सोडली. मानेच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती, उतरत आलेली. मग तिनं कमरेच्या ओच्यातून एक नवीकोरी आरोग्यपुस्तिका काढून मामांच्या पुढे चटईवर ठेवली. वर नाव होतं, पण आडनाव वडिलांचं, जे ती कधीच लावत नसे.

"टीबी आहे मला," ती म्हणाली. "गाठीचा. प्रशिक्षण वगैरे काही नव्हतं. नदीपलीकडच्या मिशन दवाखान्यात गेले होते."

फालेसीनं पुढे सरकून त्या गाठीला हात लावला.

"आता सांगा, बाई," तिसू म्हणाली, आणि खाली बसली.

बाईंनी खोल श्वास घेतला. "माझा नवरा छातीच्या टीबीतून उठला होता. सहा महिने त्याचे शर्ट मी धुतले. त्या औषधातल्या लाल गोळीनं घाम केशरी होतो, आसवंसुद्धा. फालेसीताईंचा साबण भिकार नाही. तो डाग निघतच नाही. रुमालावरचे ठिपके मी बघितले. ती गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते, म्हणून पेज सुटली. शाळेत जाऊन घेते. गळ्यात ओढणी गाठ झाकायला. जुन्या पुस्तिकेत अर्धी पानं कोरी असताना नवी विकत घेतली, आईसाठी म्हणून, आणि आईला तिचा पत्ताच नाही. पुस्तिका दोन, म्हणजे दवाखाने दोन, आणि एकाला दुसऱ्याचं काही ठाऊक नाही. तिथे विचारलं, दुसरं औषध घेतेस? नाही म्हणाली. इथेही विचारलं. इथेही नाहीच."

"पण दोन्ही औषधं खरी ना?" मॉफातला राहवलं नाही.

"दोन्ही खरी. हाच घोटाळा. मी नाव न घेता एका औषधवाल्याला विचारून घेतलं. ती लाल गोळी पोटातल्या यकृताला इतकं कामाला लावते की ते फिटचं औषध रक्तात राहूच देत नाही. आलं की संपवून टाकतं. डॉक्टरांना माहीत असतं तर त्यांनी फिटची गोळी हळूहळू वाढवली असती. ऑगस्टच्या शेवटी एक सुरू, सप्टेंबरच्या मध्यापासून दुसरं निकामी. चोर कुणी माणूस नव्हता, मामा."

"मला खरंच माहीत नव्हतं," तिसू म्हणाली. "काल बाईंनी सांगेपर्यंत. फिटवालीला एवढ्या मुश्किलीनं वर्ग दिला. टीबीवाली म्हटलं की कोण ठेवेल? हा गाठीचा आहे, पसरत नाही, नर्सनं दहा वेळा सांगितलं. पण ऐकणार कोण? लोक दारावरून जाताना तोंडाला कपडा लावतील, आणि त्याहून वाईट रोगाचं नाव घेतील." ती लेक्सनकडे वळली. "काल रात्रभर वाटत होतं, बाई काहीतरी करून तुला सोडवतील आणि मला बोलावं लागणार नाही. माफ कर."

लेक्सननं गाठोडं खाली ठेवलं आणि तो तिच्याशेजारी, अगदी लागून बसला.

केनानीमामा काठीवर दोन्ही हात ठेवून उभेच होते. मॉफातनं बघितलं, त्यांनी नकळत एक पाऊल मागे घेतलं होतं, भाचीपासून. मग त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. ते पुढे आले, लेक्सनपुढे गुडघ्यांवर बसले आणि सगळ्यांदेखत त्याच्या पायांना हात लावला. लेक्सन इतका घाबरला की उठून पळायच्या बेतात होता.

"लग्न मोडत नाही," मामा म्हणाले. आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "हे ह्या झाडाखालीच राहू द्या."

ते झाडाखाली राहणार नव्हतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. एस्नातचं दुकान चौकात होतं.

*

सोमवारी बाईंनी मॉफातला पहाटेच उठवलं. डॉक्टरांचं आणि मिशनच्या नर्सचं, अशी दोन पत्रं मुख्याध्यापकांना द्यायची होती. गोळी वाढवायला सुरुवात झाली होती, पण फार हळू. घाई केली तर अंगावर पुरळ उठतं म्हणे. फिट लगेच थांबणार नव्हत्या. मॉफातला हेही पटेना. चोर सापडला, तर चोरी थांबायला नको?

मुख्याध्यापकांनी दोन्ही पत्रं वाचली, डोकं खाजवलं. "माझी काही हरकत नाही," ते म्हणाले. "पण आईबापांना मी पत्र कसं वाचून दाखवू? तुम्हीच बघा."

वर्गात एकोणऐंशीतली बावीस मुलं होती. तिसू ओढणीशिवाय उभी होती. तिनं हजेरीचं पुस्तक उघडलं आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली. एकही नाव गाळलं नाही. गैरहजर मुलाच्या नावापाशीही ती तेवढीच थांबायची, जेवढी हजर मुलाच्या नावापाशी, आणि मग पुढचं नाव.

"हे काय करतेय ती?" खिडकीबाहेर मॉफात दात-ओठ खात होता. "बावीस नावं घेऊन मोकळी हो की! बाई, तुम्ही तरी सांगा. आपण एवढं शोधून काढलं ते ह्यासाठी?"

एलुबीबाईंनी खिडकीचा गज धरला होता. त्यांचाही जबडा घट्ट होता.

पन्नासाव्या नावाच्या आसपास फाटक करकरलं. केनानीमामा धापा टाकत येत होते, काठी काखेत, आणि दोन्ही हातांना एकेक नात. एक रडत होती, दुसरीच्या पायांत चपला उलट्या होत्या. ते सरळ वर्गाच्या दारात गेले आणि टोपी काढली. भाचीसमोर त्यांनी कधी टोपी काढली नव्हती.

"उशीर झाला, बाई," ते म्हणाले. "पेज उकळायला वेळ लागला. आत घ्याल ना?"